मेंब्रेन तुंबते, पण कशाने?

प्रश्न : इचलकरंजीतील एका कापड प्रक्रिया कारखान्यात मी सांडपाणी विभाग पाहतो. ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रातून) आलेले पाणी यूएफ (बारीक गाळ व जिवाणू अडवणारे गाळण) आणि आरओमधून (विरघळलेले क्षारही अडवणारे गाळण) काढून आम्ही ते पुन्हा कापड धुण्यासाठी वापरतो. आरओचा दाब सारखा वाढतो. दर वेळी आम्लाने धुतो, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. क्लोरीनची मात्रा वाढवावी काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आरओपुरते तरी वाढवू नये. आरओची बहुतेक मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पातळ पडदे, पॉलिअमाइड या प्लास्टिकची असतात आणि मुक्त क्लोरीनने त्यांचा अतिपातळ थर कायमचा खराब होतो. मग पाणी भरपूर येते, दाबही उतरतो आणि ऑपरेटर खूश होतो, पण क्षारही त्या पाण्याबरोबर सरळ पार होत असतात. यूएफची पीव्हीडीएफ या प्लास्टिकची मेंब्रेन क्लोरीन सोसतात, तेथे तो वापरावा. मात्र आरओपूर्वी सोडियम बायसल्फाइटने तो पूर्ण काढून टाकावा.

आता धुण्याविषयी. मेंब्रेन कशाने तुंबले, हे दाबमापकांवरून बरेचसे कळते. आरओत पाणी मेंब्रेनच्या एकामागून एक टप्प्यांतून जाते; आत शिरताना व बाहेर पडतानाच्या दाबातील फरक पहिल्या टप्प्यात वाढत असेल, तर गाळ किंवा जिवाणूंचा चिकट थर असण्याचा संभव अधिक. शेवटच्या टप्प्यात गाळून येणारे पाणी घटत असेल, तर क्षारांचे पापुद्रे. 75 टक्के पाणी शुद्ध म्हणून काढून घेतले की उरलेल्या पाण्यात क्षार सुमारे चौपट होतात. गुऱ्हाळातल्या काहिलीत रस आटतो तसेच हे, फक्त विस्तवाविना.

आपल्या वर्णनावरून मला संशय पहिल्या प्रकाराचा येतो. सुताला लावलेली पिष्टमय खळ धुण्यात निघते, ईटीपीत ती पुरती कुजली नाही तर जिवाणूंचे खाद्य होऊन पुढे जाते, आणि अशा थरावर आधीच आम्ल घातले तर तो निघण्याऐवजी अधिक घट्ट बसू शकतो. म्हणून प्रथम 11 ते 12 पीएचच्या अल्कलीने धुवावे, स्वच्छ पाणी फिरवावे आणि मगच सुमारे 2 पीएचचे आम्ल घ्यावे. पीएच व तापमानाची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावी. पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगमध्ये सोडियम सिलिकेट वापरत असाल, तर तेही तपासावे, कारण सिलिकाचा थर साध्या आम्लाला दाद देत नाही.

तापमानाचा हिशेब करूनही पाणी 10 ते 15 टक्के घटले की धुण्यास घ्यावे. हा हिशेब आवश्यक आहे, कारण पाणी एक अंश गार झाले तरी उत्पादन सुमारे 3 टक्क्यांनी उतरते आणि थंडीत चांगले मेंब्रेन विनाकारण धुतले जाते.