वाचकांचे प्रश्न : एम.डी. बालरोगशास्त्राचे तिसरे वर्ष

प्रश्न : माझी मुलगी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. बालरोगशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिची झोपेची आणि जेवणाची झालेली परवड आम्ही पाहिली आणि ‘तिसऱ्या वर्षी सगळे हलके होते’ या तिच्या सीनियरांच्या शब्दावर विसंबून राहिलो. आता हाताखाली ज्युनियर असूनही ती रात्री-अपरात्री वॉर्डातच असते. तिच्या वाट्याला आता नेमके कोणते काम येते आणि आम्ही घरच्यांनी काय करावे?
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : सीनियरांनी सांगितले ते निम्मे खरे आहे. रक्त काढणे, सलाईन लावणे, रिपोर्ट गोळा करणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे ही कामे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांकडे जातात, परंतु त्यांच्या जागी निर्णय येतात आणि त्यांचे ओझे ड्युटीच्या तक्त्यात दिसत नाही.

समजा, डेंग्यूने भरती झालेल्या सात वर्षांच्या मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरतो. आईवडिलांच्या जिवात जीव येतो आणि पहिल्या वर्षाचा डॉक्टरही ‘ताप नाही’ अशी नोंद करून पुढच्या खाटेकडे वळतो. तिसऱ्या वर्षाची डॉक्टर मात्र नेमकी तेव्हाच सावध होते, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका ताप उतरण्याच्या सुमारासच अधिक असतो. ती मुलाच्या तळपायाला हात लावून तो गार पडला आहे का ते पाहते, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजते, रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले आहे का ते तपासते आणि हिमॅटोक्रिटसाठी (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण; द्रव पाझरला की ते वाढते) पुन्हा रक्त पाठवते. वरचा आकडा ठीक दिसतो म्हणून गाफील राहिले, तर मूल हातचे जाऊ शकते. उलट घाबरून सलाईनचा मारा केला, तर पाझरलेले पाणी रक्तात परतू लागल्यावर फुप्फुसांवर भार येऊन मुलाला धाप लागते. तासाला किती मिलिलिटर द्यायचे आणि केव्हा कमी करायचे, हे रात्री दोन वाजता खाटेपाशी उभे राहून ठरवावे लागते. अंतिम जबाबदारी युनिट प्रमुखांचीच असते आणि फोनवर त्यांचा सल्ला मिळतोही, परंतु मूल समोर असते ते आपल्या मुलीच्या.

याच वर्षी थेसिसचा घोर असतो, कारण तो मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. प्रत्येकी १०० गुणांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय तिसऱ्या ते पाचव्या सहामाही सत्रादरम्यान जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणे बंधनकारक असल्याने काहींचा हा काळ तिसऱ्या वर्षातच येतो. विद्यार्थी त्याबद्दल कुरकुरतात. मला तो काळ फार मोलाचा वाटतो, कारण मेडिकल कॉलेजात बसून ‘हे मूल इतक्या उशिरा का पाठवले’ असे विचारणाऱ्याला पाठवणाऱ्याच्या अडचणी तिथेच कळतात.

कामाच्या तासांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. आपल्या मुलीसारख्या, शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले होते, तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आकडा न देता ‘वाजवी’ तास म्हटले आहे. आकडाच नसेल, तर नियम मोडला हे दाखवायचे कसे, ही माझी तक्रार आहे.

घरच्यांनी फोनची वेळ तिच्यावर सोपवावी आणि स्थळे पाहण्याचा विषय परीक्षेपर्यंत काढू नये. मात्र रजेच्या दिवशीही झोप न लागणे, सतत रडू येणे किंवा ‘हे सगळे कशाला करायचे’ अशी भाषा ऐकू आली, तर तो निव्वळ थकवा समजू नका. समक्ष जाऊन भेटा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. टेली-मानसची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी चोवीस तास मोफत उपलब्ध असते.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. पुढे नवजातशास्त्रात डी.एम. (एम.डी.नंतरची अतिविशेष पदवी) करावे की बंधपत्रित सेवा (प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेली सक्तीची शासकीय सेवा) संपवून सरळ प्रॅक्टिस सुरू करावी, हे ठरत नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : डी.एम. म्हणजे नीट-एसएस या प्रवेश परीक्षेची तयारी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे. त्यामुळे केवळ नावापुढे अक्षरे वाढावीत म्हणून त्या वाटेला जाऊ नये. एनआयसीयूतली (नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातली) पहाटेची धावपळ आपल्याला आजही हवीहवीशी वाटते का, हे प्रामाणिकपणे पाहावे. ज्याला नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा दम्याचे एकच मूल वर्षानुवर्षे तपासण्यात, त्याची उंची-वजनाची रेघ वर सरकताना पाहण्यात समाधान मिळते, त्याने ओपीडी असलेली सर्वसाधारण बालरोग प्रॅक्टिस कमी प्रतीची मानू नये. अध्यापनाचा विचार असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी सर्वसाधारणपणे एम.डी.नंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट (वरिष्ठ निवासी डॉक्टर) म्हणून काम केलेले असावे लागते. म्हणून बंधपत्रित सेवेची जागा निवडताना ते पद वैद्यकीय महाविद्यालयातले आहे का, हे आधी पाहून घ्यावे. निर्णय कोणताही घेतलात, तरी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वाढीव पदवीची नोंद करून घेतल्यानंतरच पाटीवर ती लावावी.