आधी धातू की आधी शब्द?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत: संस्कृत क्रियापदांच्या मुळांची, म्हणजे धातूंची, यादी असलेल्या धातुपाठातले जवळजवळ दोन हजार धातू पाणिनीने तयार केले का, भाषेत आधी धातू होते आणि मग त्यांचे शब्द झाले का, आणि एकेका धातूची इतकी रूपं घोकल्याशिवाय कळावीत कशी. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. बाकीचे दोन एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

नुसता ‘कृ’ कुणी कधी बोललं नसेल. लोक करोति, चकार, कृतम्, कार्यम् असंच बोलत होते. या सगळ्यांत सारखं काय आहे ते व्याकरणकारांनी वेगळं काढलं आणि त्याला धातू म्हटलं. पुस्तकात धातू आधी छापलेला असतो आणि रूपं नंतर, त्यामुळे बी पेरून झाड उगवावं तसं काहीतरी आपल्याला वाटू लागतं. प्रत्यक्षात शब्द आटवून तळाशी राहिलेला अर्क म्हणजे धातू.

धातुपाठ तर चक्क कामाची यादी आहे. तिथे ‘कृ’ असा सुटा धातू नाही, ‘डुकृञ्’ आहे. शेवटचा ञ् सांगतो की हा धातू उभयपदी, म्हणजे परस्मैपद आणि आत्मनेपद अशी दोन्ही रूपं घेणारा: करोति आणि कुरुते दोन्ही. सुरुवातीचा डु सांगतो की याला ‘क्त्रि’ प्रत्यय लागतो, आणि त्यापुढे म येऊन आपल्या रोजच्या वापरातला ‘कृत्रिम’ होतो. ‘टुवेपृ’मधल्या टुमुळे गीतेतला ‘वेपथु’ (थरकाप) मिळतो. ही अक्षरं उच्चारायची नसतात, पाणिनीच्या सूत्रांसाठी मारलेल्या खुणा आहेत त्या. ‘सत्तायाम्’ (असणे), ‘पाके’ (शिजवणे) असे पाठात दिलेले अर्थ तर नंतर जोडले गेले असं परंपराच म्हणते. ‘गतौ’ (जाणे) आणि ‘हिंसायाम्’ (इजा करणे) हे अर्थ इतक्या धातूंना चिकटवलेत की त्यांवर फार विसंबू नये. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी यांनी १८८५ मध्ये धातूंचा कोश केला, तेव्हा पाठातले निम्म्याहून अधिक धातू ग्रंथांत वापरलेले सापडतच नाहीत असं त्यांनी नोंदवलं.

‘आधी धातू की शब्द’ हा तुमचा वाद मात्र पाणिनीहून जुना आहे. शाकटायन आणि गार्ग्य हे दोन जुने व्याकरणकार. शाकटायन म्हणे, सगळी नामं क्रियापदांपासून झाली. गार्ग्य म्हणे, सगळी नाही. हे दोघेही पाणिनीला ठाऊक होते, तो दोघांची नावं घेतो. गार्ग्याच्या बाजूचा आक्षेप यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या जुन्या ग्रंथात, आहे: ‘अश्’ म्हणजे व्यापणे, त्यावरून वाट व्यापणारा तो अश्व म्हणायचा, तर मग जो कुणी वाट तुडवील त्याला अश्व का म्हणत नाहीत? यास्काचं उत्तर असं, की लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण ‘तक्षा’ (सुतार) हे नाव एकालाच पडतं. उत्तर हुशारीचं आहे, पण माझं मत गार्ग्याकडे झुकतं. पाणिनीनेही अशा शब्दांसाठी ‘उणादयो बहुलम्’ (उण् वगैरे प्रत्यय कधी लागतात, कधी नाही) एवढं म्हणून हात मोकळे ठेवले.

खरी गंमत पुढे आहे. काही धातू स्वतःच साधित, म्हणजे दुसऱ्या शब्दापासून बनलेले, आहेत. ‘जागृ’ पाहा: त्यात ‘गृ’चं द्वित्व, म्हणजे धातूचं अक्षर दोनदा येणं, उघड दिसतं. ‘दरिद्रा’ म्हणजे ‘द्रा’ (धावणे) दुमडून झालेला धातू, पोटासाठी सारखं धावत राहणं. आपला दरिद्री तिथलाच. पाठात हे स्वतंत्र धातू म्हणून येतात, पण पाणिनीच्या नजरेतून ते सुटलेले नाहीत. ‘जक्षित्यादयः षट्’ या सूत्राने तो त्यांना ‘अभ्यस्त’, म्हणजे द्वित्व झालेल्या धातूसारखे, ठरवतो. ‘शिक्ष्’ची कथाही तशीच. ‘शक्’ला (समर्थ असणे) इच्छार्थी सन् हा प्रत्यय लागून ‘शिक्षति’ होतं, म्हणजे समर्थ व्हायची इच्छा करणे. आणि पाठात ‘विद्या घेणे’ या अर्थाचा ‘शिक्ष्’ वेगळाही आहे. शिक्षण, शिक्षक, शिकणे हे सगळं त्या सामर्थ्याच्या इच्छेतून आलं. ‘गण्’ हा धातू ‘गण’ या नामावरून आला असावा, आणि ‘कथ्’ तर ‘कथम्’वरून, म्हणजे ‘कसं झालं’ ते सांगणे.

असे सन्नन्त, म्हणजे सन् लागून झालेले, शब्द मराठीत किती आहेत ते बघा. द्वित्व आणि शेवटी स किंवा ष दिसला की संशय घ्यायचा: जिज्ञासा (ज्ञा), पिपासा (पा), विवक्षित (वच्), मुमुक्षु (मुच्), चिकित्सा (कित्), मीमांसा (मान्), बीभत्स (बध्). शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा. गुरूचं ऐकणारा सेवाही करतो म्हणून ती सेवा झाली. लिप्सा आणि ईप्सित यांत लभ् आणि आप् इतके आक्रसलेत की पटकन ओळखू येत नाहीत.

आता रूपांचा प्रश्न. माझा उपाय साधा आहे: प्रत्येक धातूची तीनच रूपं धरायची, क्तान्त (‘-त’ लागलेलं), तुमन्त (‘-तुम्’ लागलेलं) आणि वृद्धीचं, म्हणजे धातूतला स्वर सर्वांत वाढलेलं, एक. कृत, कर्तुम्, कारक. नीत, नेतुम्, नायक. उक्त, वक्तुम्, वाचक. पहिल्यात धातू सर्वांत रोडावलेला असतो, दुसऱ्यात गुण, म्हणजे स्वर एक पायरी वाढलेला, तिसऱ्यात वृद्धी. वच्, यज्, वह् हे पहिल्यात संप्रसारणामुळे, म्हणजे व चा उ आणि य चा इ झाल्यामुळे, ओळखू येत नाहीत: उक्त, इष्ट, ऊढ. इथे मी स्वतः बरीच वर्षं फसलो. ‘इष्टापूर्त’मधलं इष्ट म्हणजे ‘हवंसं’ असंच मी धरून चाललो होतो. ते यज्चं आहे, यज्ञ केलेला. ‘इष्टापत्ती’तलं इष्ट मात्र इष्चं, इच्छिलेलं.

सेट्-अनिट्, म्हणजे प्रत्ययाआधी इ घेणारे आणि न घेणारे धातू, हा भाग सगळ्यांनाच छळतो. श्रुत आणि श्रोत्र, पण पूत आणि पवित्र. ‘श्रु’मध्ये मधला इ नाही, ‘पू’मध्ये तो कुठून आला? पाणिनी नियम देतो आणि त्याच्या शास्त्रात तेवढं पुरेसं आहे. कारण हवं असेल तर मागे जावं लागतं. ‘पू’च्या शेवटी एकेकाळी एक कंठातलं व्यंजन होतं. ते लोपलं, पण जाताना एका ठिकाणी स्वर दीर्घ करून गेलं (पूत) आणि दुसऱ्या ठिकाणी इ ठेवून गेलं (पवित्र). जात आणि जनितृ हीही तीच जोडी. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७९ साली केवळ रूपांच्या गणितावरून असे हरवलेले वर्ण मांडले. १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवलं की हित्ती या संस्कृतच्या प्राचीन नातेवाईक भाषेत तसले वर्ण लिहिलेले सापडतात. तसंच ‘चकार’चं. द्वित्वात क चा च होतो, सूत्र ‘कुहोश्चुः’. तो का होतो? त्या क च्या पुढे पूर्वी अ नसून ए होता, आणि एच्या संगतीने क तालव्य झाला. ए पुढे अमध्ये मिसळला, च मागे राहिला. प्राचीन ग्रीकमध्ये तो ए टिकून आहे: आपलं ‘ददर्श’ तिकडे ‘देदोर्का’ आहे.

उपसर्गांवर लिहीत नाही, आहार-विहार-संहार सगळ्यांनाच पाठ असतं.

राहता राहिलं मराठी. आपणही क्तान्तासारख्या तयार शब्दांना नवे धातू करून टाकले आहेत. ‘पच्’पासून थेट पचणे आलं. त्याच धातूच्या ‘पक्व’चं प्राकृतात ‘पिक्क’ झालं आणि त्यावरून पिकणे. ‘शुष्क’चं ‘सुक्क’ झालं, त्यावरून सुकणे. हजार वर्षांनी कुणी मराठीचा धातुपाठ रचला, तर त्यात पच् आणि पिक् हे दोन वेगळे धातू म्हणून येतील, आणि ते बरोबरही असेल.