वावरातले सिमेंटचे ओटे कोणाचे?

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून ऑस्ट्रेलियात शेपर्टनजवळ फळांच्या बागेत कामाला आहे. मागच्या महिन्यात त्याने एक फोटो पाठवला. टाटुरा गावाबाहेर मेंढ्या चरतात त्या रानात सिमेंटचे लांबलांब ओटे पडले आहेत, वर काहीच नाही. तिथल्या मालकाने सांगितलं की लढाईच्या काळात इथं कैदी होते. त्या देशात लढाई झालीच नाही, तर कैदी आले कुठून? आणि आमच्या वावरात असे आयते ओटे असते तर आम्ही त्यावर कोठा नसता बांधला का?
— एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कोठ्याचं वाचून हसू आलं, कारण ते ओटे पाहून मलाही हेच सुचलं होतं. माझी लेक तेव्हा शेपर्टनला राहायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी चार महिने तिच्याकडे होतो. टाटुरा तिथून वीसेक किलोमीटर. जावई सकाळी कामावर जाताना मला गावात सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. तिथं एक लहानसं संग्रहालय आहे, सिंचन आणि युद्धकाळातल्या छावण्या अशा दोन्ही विषयांचं. मी गेलो होतो कालवे पाहायला. आर्वीकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार, आमच्या टेलला पाणी आलं तर पेढे वाटायचे. पण कालव्यांचे नकाशे पाहून पुढच्या खोलीत गेलो आणि दिवस तिथंच गेला.

आधी कैद्यांचं. दुसऱ्या महायुद्धातली लढाई तिकडे अगदीच झाली नाही असं नाही. फेब्रुवारी 1942 मध्ये जपान्यांनी डार्विनवर बाँब टाकले होते. पण टाटुराच्या आसपास जे लोक होते ते बहुतेक बाहेरून आणलेले. त्या भागात एकूण सात छावण्या होत्या. तीन युद्धकैद्यांच्या, म्हणजे पकडलेल्या सैनिकांच्या. उरलेल्या चार नजरकैदेच्या, आणि त्यांत साधी माणसं होती, बायका-पोरांसकट. पॅलेस्टाईनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जर्मन कुटुंबं इंग्रजांनी 1941 मध्ये उचलून इथं आणून ठेवली. जपानी कुटुंबांची छावणी वेगळी. इटलीहून येऊन तिकडेच पोट भरणारेही आत गेले. यांतल्या कितीकांचा गुन्हा एवढाच की त्यांचा जन्म शत्रूच्या मुलखात झाला.

सगळ्यात उलटी गत ‘डुनेरा’ बोटीवरच्या लोकांची. हिटलरच्या तावडीतून सुटून इंग्लंडात आसरा घेतलेले हजारो ज्यू, त्यांनाच इंग्रजांनी ‘शत्रू परदेशी’ ठरवलं आणि 1940 मध्ये त्यांतली दोनेक हजार माणसं त्या बोटीत कोंबून ऑस्ट्रेलियाला धाडली. त्यांतल्या बहुतेकांना सिडनीला उतरवून आगगाडीने हे नावाच्या गावी नेलं. (गावाचं नाव खरंच ‘हे’. नकाशात शोधताना मी दोनदा चुकलो.) पुढे त्यांतले बरेच टाटुरालाही आले. ‘हे’ गावच्या छावणीत त्यांनी स्वतःच्या नोटा छापल्या होत्या. नोटेच्या कडेला काटेरी तारेची नक्षी आहे, पण नीट पाहिलं तर ती तार नाही, अक्षरं आहेत : ‘आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत कारण...’ असं गोल फिरत राहणारं वाक्य. कोर्टकचेरीच्या चकरा मारलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता तुमचा खरा सवाल, ओटे का राहिले. भाऊ, उलट विचारा, बाकीचं कुठं गेलं? छावणीतल्या राहण्याच्या खोल्या म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर टिना. युद्ध संपल्यावर लाकडाची आणि टिनांची टंचाई होती, म्हणून सरकारने त्या विकून टाकल्या. कास्तकारांनी उचलून नेल्या, कोणी अवजारांना केल्या, कोणी लोकर कातरायला. म्हणजे तुमचा कोठा त्यांनी बांधलाच आहे, फक्त जागा बदलून. सिमेंट मात्र होतं ते स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडासाखाली, आणि ते काही उपटून नेता येत नाही. म्हणून आज जे दिसतं ती माणसं झोपायची ती जागा नव्हे. ज्या ठिकाणी ती आंघोळ करत, भांडी घासत, ती जागा. मुलाला म्हणा, ओट्यावर वाकून पाहा, पाणी जायची नाली सापडेल.

जवळच धरिंजाइल नावाचा मोठा विटांचा वाडा आहे. त्यात जर्मन अधिकारी ठेवले होते. त्यांतला एक ‘कोर्मोरान’ जहाजाचा कप्तान डेटमर्स. नोव्हेंबर 1941 मध्ये त्याच्या जहाजाने ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ ही युद्धनौका बुडवली, तिच्यावरचे 645 जण एकजात गेले. आणि जानेवारी 1945 मध्ये हाच माणूस आणखी एकोणीस जणांसोबत त्या वाड्यातून भुयार खणून पळाला! सगळे पकडले गेले. मला जास्त नवल पळण्याचं नाही, एवढी माती त्यांनी लपवली कुठं याचं वाटतं. आपण विहीर खणतो तेव्हा मातीचा ढीग शेजारच्या गावातून दिसतो.

याहून मोठं पलायन न्यू साउथ वेल्समधल्या काउराला झालं. 5 ऑगस्ट 1944 च्या पहाटे हजाराहून जास्त जपानी कैदी तारांवर धावून गेले. 231 जपानी आणि 4 ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. त्यांची दफनभूमी आणि पुढे जपानी बगीचा आज तिथं आहे, त्यावर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून इथं थांबतो.

तुमच्या मुलाला जवळचे वाटतील ते इटालियन. ऑस्ट्रेलियात त्यांचे सुमारे 18,000 युद्धकैदी होते. उत्तर आफ्रिकेत पकडलेले, आणि त्यांतले पुष्कळ आधी आपल्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत, डेहराडून, बंगळूर, भोपाळकडे राहून मग तिकडे गेलेले. गडी मिळत नव्हते म्हणून 1943 पासून त्यांना शेतांवर पाठवलं, पहारेकरी नाही काही नाही. ओळख एवढीच की कपडे गर्द लालसर रंगात बुडवलेले. म्हणजे तुमचं पोट्टं आज ज्या मुलखात बागेत राबतं, तिथं ऐंशी वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाचं पोट्टं त्या लाल कपड्यांत राबत होतं. जे परतलेच नाहीत अशा 130 इटालियनांच्या अस्थी मर्चिसनच्या स्मारकात आहेत. टाटुराहून अर्ध्या तासाची वाट. मुलाला सुटीच्या दिवशी जायला सांगा.

आणि तुमचा पुढचा प्रश्न मीच विचारून ठेवतो : आपल्याकडे असं काही? वलिवडे, कोल्हापूरशेजारी, 1943 ते 1948 पाच हजार पोलिश लोकांची वस्ती होती. ते कैदी नव्हते, निर्वासित होते. पुरंदरच्या किल्ल्यावर मात्र जर्मन नजरकैदेत होते.

एक विनंती. ते रान कोणाच्या तरी मालकीचं आहे. पोराने फाटक उघडलं तर परत लावावं, आणि तारेचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये. फोटो मात्र आणखी काढून पाठवावेत, विशेषतः त्या नालीचा. माझ्याकडचा जावयाच्या फोनबरोबर गेला.