कोणाच्या बाजूनं राहू, असं विचारलंस म्हणून

रामकृष्ण हरी.

तुझं पत्र मिळालं. हरिनाम सप्ताहाच्या कमिटीत दोन गट पडले, दोघांनी आपापल्या पत्रिका छापल्या आणि दोन्ही पत्रिकांत टाळकरी म्हणून तुझं नाव, हे वाचून आधी हसू आलं. पुढचं वाचल्यावर ते गेलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या की बऱ्याच गावांत हेच होतं. काल्याच्या कीर्तनाला कोणत्या महाराजांना बोलवायचं, हा वाद वरवरचा असतो. वर्गणी कोणाच्या हाती राहणार, हे खरं दुखणं.

मी तुला बाजू सांगणार नाही. जे बोलशील ते गळ्यात वीणा असताना बोलता येईल का, तेवढं बघ.

पालखीच्या तळावरची समाजआरती तू पाहिली आहेस. सगळ्या दिंड्यांचे टाळ घुमत असतात, सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, विचारपूस करतात. राहुटीची जागा कोणी घेतली, पाण्याचा टँकर आला नाही, काहीही असो. गाऱ्हाणं ऐकून घेतलं जातं, तोडगा निघतो, टाळ थांबतात आणि आरती होते. सोहळ्याच्या सगळ्या शिस्तीत मला हे फार मोलाचं वाटतं. देवासमोर तक्रार नको, गप्प बसा, असं त्या दिंडीला कोणी दटावत नाही. आणि ती दिंडीसुद्धा शेजारच्या चार दिंड्यांना आपल्याकडे ओढायला जात नाही. आपलं म्हणणं माउलींच्या समोर मांडते आणि मोकळी होते.

तुकोबांनीही तेच केलं. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा गावात त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणीच नसेल असं नाही. पण त्यांचे त्या वेळचे अभंग काढून वाच. १३ दिवस अन्नपाणी सोडून हा माणूस भांडतोय तो थेट विठोबाशी. आणि ज्या रामेश्वरभट्टांनी त्यांना विरोध केला, तेच पुढे त्यांचे शिष्य झाले. ‘आरती तुकारामा’ तू रोज म्हणतोस. तिच्या शेवटी ‘म्हणोनि रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें’ येतं, ते रामेश्वर हेच. तुकोबांनी देहूत आपला गट उभा केला असता, तर भट्टांना परत यायला वाट कुठून राहिली असती? तुझ्या गावातही उद्या कोण कोणाच्या पाया पडेल, काही सांगता येत नाही. तेव्हा कोणाबद्दलही असं काही बोलून ठेवू नकोस की नंतर त्याला तुझ्या शेजारी टाळ घेऊन उभं राहता येणार नाही.

‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ हे चरण हल्ली जो तो आपल्या हट्टाला लावतो. मला पटलं तेच सत्य, लोक गेले खड्ड्यात, असा त्याचा अर्थ करतात. ते पुढचा चरण म्हणतच नाहीत. तुकोबा लगेच सांगतात की स्वप्नातला गुरूचा उपदेश मानला आणि नामावर दृढ विश्वास धरला. म्हणजे साक्षीला बसवलेलं ते मन आधी कुठेतरी वाकलेलं आहे. न वाकलेलं मन साक्षीला बसवलं तर ते मालकाच्याच बाजूनं साक्ष देणार!

आता बाजू घ्यायची नाही म्हणजे काठावर बसून गंमत बघायची, असं समजू नकोस. पत्रात तू सहज लिहून गेलास की गेल्या वर्षीच्या आचाऱ्याचे पैसे दोन्ही गट एकमेकांवर ढकलताहेत. बाळा, पूर्ण पत्रात मला तीच ओळ महत्त्वाची वाटली. महाप्रसादाला गावजेवण झालं, सगळे तृप्त झाले, आणि चुलीपुढे उभा राहिलेला माणूस वर्षभर हेलपाटे घालतोय. तिथे बोल. दोन्हीकडे बोल, आणि ज्यांच्या घरी तुझं जास्त जाणंयेणं आहे त्यांच्याकडे आधी बोल. वर्गणीची वही सगळ्यांसमोर उघडा म्हणून सांग. फोनवरच्या ग्रुपात नको, तिथे शब्दाला शब्द वाढतो. समोर बसून सांग.

आमच्याकडे दोन भाऊ होते, बांधावरून तहसीलपर्यंत गेलेले, बोलणं बंद. सप्ताहात वीणेचा पहारा, म्हणजे आळीपाळीनं वीणा गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी, नेमताना यादीत त्यांची नावं लागोपाठ आली, मुद्दाम की चुकून ते माहीत नाही. रात्री दोनला धाकट्यानं वीणा उतरवली, थोरल्याच्या गळ्यात घातली, आणि रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पायांना लागले. वीणा खाली ठेवायची नसते, त्यामुळे टाळायला जागाच नव्हती. लगेच बांध मिटला असं काही झालं नाही, तारखा चालूच राहिल्या. पण शिवीगाळ थांबली. मला तेवढं पुरे वाटलं. वाद असावा, नसावा, ते आपल्या हातात कुठे असतं?

दोन्हीकडचे तुला बोल लावतील, हे धरून चाल. एक गट म्हणेल फितूर, दुसरा म्हणेल भित्रा. त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मला भीती वेगळीच आहे. काही दिवसांनी तुलाच वाटायला लागेल की सगळं गाव गटातटाचं, मी एकटा देवाचा. तसं वाटलं की तिसरा गट झाला म्हणून समज, आणि तो त्या दोघांपेक्षा वाईट, कारण त्याला कोणी काही सांगायला जाऊ शकत नाही. त्यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. काकड्याच्या आधी उठून मंडप झाडायचा आणि पंगतीत शेवटी बसायचं.

दोन्ही पत्रिकांत नाव आहे तर दोन्हीकडे जाऊन टाळ वाजव. सप्ताह एकाच वेळी ठेवले असतील तर पहारा वाटून घे, आणि दोघांनाही आधी सांगून ठेव. चोरून जाऊ नकोस.

कार्तिकीला आळंदीला भेटूच. त्याआधी आचाऱ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
काका