रत्नागिरीत घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी जुनं सीएनसी मिलिंग मशीन घ्यावं का? घेताना काय तपासावं?

जरूर घ्या, पण आधी वीज आणि रस्ता बघा. जुन्या व्हीएमसीला (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनला) थ्री-फेज लागतो, वजन चार-पाच टनांपर्यंत जातं. महावितरणकडे अर्ज आधी, इसार नंतर. आंबा घाट उतरून ट्रेलर येईल हो, पण वाडीतल्या अरुंद रस्त्याने क्रेन दारापर्यंत पोचायला हवी ना!

पुण्याजवळ भोसरीला किंवा कोल्हापूरजवळ शिरोलीला मशीन बघायला जाल तेव्हा ते थंड असतानाच तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. सोबत डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) आणि ते धरायला मॅग्नेटिक स्टँड न्याच. टेबल एकाच दिशेने थोडं सरकवून डायल शून्यावर आणा, पुढे 0.1 मिमी न्या, मग तेवढंच मागे आणा. काटा शून्याच्या जितका अलीकडे थांबेल, तितका बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी ढिली हालचाल. थोडा असेल तर कंट्रोलरच्या (मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या) पॅरामीटरमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, भरून काढता येतो. पण हीच तपासणी टेबलाच्या मधोमध आणि दोन्ही टोकांनाही करा. मधे जास्त आणि टोकांना कमी आला तर टेबल सरकवणारा बॉलस्क्रू झिजलाय. बहुतेक काम मधल्या भागातच होतं ना. असं मशीन स्वस्तात मिळालं तरी सोडा.

पॅरामीटरचा बॅकअप मागून घ्या. मेमरीची बॅटरी संपली की ते पुसले जातात, म्हणून फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलतात.

आणि आपली खारी हवा! इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराचं रबर फाटलेलं असेल तर आणल्या आणल्या बदला, नाहीतर आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं गंजतील. पावसाळ्यात मशीन बंद असलं तरी स्लाइडवेवर (टेबल ज्यांवरून सरकतं त्या पट्ट्यांवर) तेलाचा हात फिरवत राहा.