प्लेक्सी छाप अ‍ॅम्पला लूप घालताय? आधी डिस्टॉर्शन कुठं होतंय ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी डोकेदुखी कुणीतरी लिहून काढलीय असं वाटलं. हाताने वायरिंग केलेला ५० वॅटचा प्लेक्सी छाप (१९६० च्या दशकातल्या मार्शल गिटार अ‍ॅम्पच्या धर्तीचा) हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प, दोन ईएल३४ (पॉवर व्हॉल्व्ह), चार इनपुट, मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारी खुंटी) नाही. डिले (एको देणारं पेडल) इनपुटला लावला की सोलोत नुसता गिचका होतो, म्हणून मागं दोन जॅक पाडून लूप घालून घ्यायचा आहे, आणि बेळगावजवळच्या खानापूरहून अ‍ॅम्प पाठवायचा तर पुण्याला की बेंगळूरला, असं विचारलंय.

कुठं पाठवायचा ते राहू दे. आधी सांगा, तुमचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, होतंय कुठं?

लूप म्हणजे अ‍ॅम्पच्या मधूनच सिग्नल बाहेर काढायचा (सेंड), पेडलमधून फिरवायचा आणि परत आत घ्यायचा (रिटर्न). तो बसतो टोन स्टॅकच्या (ट्रेबल-बासच्या खुंट्यांच्या) नंतर आणि फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर व्हॉल्व्हना सिग्नल वाटून देणाऱ्या टप्प्याच्या) आधी. त्याच्या नंतर जे फाटतं त्यावर लूपचा काडीचा उपयोग नाही. मास्टर नसलेल्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम सातच्या पुढं नेल्यावर जो आवाज आपल्याला आवडतो, त्यातला मोठा वाटा फेज इन्व्हर्टर आणि ईएल३४ यांचाच असतो. डिले लूपमध्ये घातला तरी तो या दोघांच्या अलीकडेच राहिला. म्हणजे गिटार आणि तिचा एको, दोन्ही एकाच चरकातून पिळून निघणार. गिचका थोडा कमी होईल, जाणार नाही.

या अ‍ॅम्पना लूप नव्हता याला कारण आहे. मार्शलचा जेटीएम४५ हा फेंडरच्या ५एफ६-ए बासमन अ‍ॅम्पवरून उचललेला, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा टेप एको सरळ इनपुटलाच लावायचे. पिंक फ्लॉइडच्या गिलमोरचं बिन्सन एकोरेक हे एको यंत्रसुद्धा हायवॅट अ‍ॅम्पच्या आधीच असायचं, आणि स्वच्छ लागायचं, कारण हायवॅट सहजी फाटत नाही. मार्शलने २२०३ या मॉडेलमध्ये मास्टर व्हॉल्यूम दिला तो १९७५ च्या सुमारास. डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या आधीच, यायला लागलं आणि मग लूपची खरी गरज पडली.

एवढं साधं ज्यांनी मला विचारायला हवं होतं त्यांनी विचारलं नाही, आणि माझा राग त्यावरच आहे. वर्कशॉपचं नाव घेत नाही. मोठं शहर, भिंतीवर नामवंत वादकांबरोबरचे फोटो. मी फोनवर सगळं सांगितलं होतं: ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीत मंडपात अ‍ॅम्प चढवून वाजवावा लागतो, डिले स्वच्छ हवाय. पलीकडून एकच उत्तर, "पाठवून द्या, लूप घालून देतो." मास्टर आहे का, व्हॉल्यूम किती ठेवता, पेडल कुठलं, काही नाही. आधी पैसे, मग काम. मग महिनोन्‌महिने "पुढच्या आठवड्यात".

परत आला तेव्हा चॅसीला दोन भोकं पाडलेली होती आणि ट्रेबल पॉटच्या (खुंटीच्या) मधल्या टोकावरून सरळ सेंड जॅकला तार ओढलेली. बफर (सिग्नलवर ओझं येऊ नये म्हणून मध्ये घालतात तो टप्पा) नाही. साधी तार, शील्ड (जाळीचं आवरण) नाही, आणि ती नेलीय आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारांना खेटून. ट्रेबल अर्ध्याच्या वर गेला की अ‍ॅम्प शिट्टी घालायचा. व्हॉल्यूम चढवल्यावर त्या जागी दहा-वीस व्होल्टचाही सिग्नल येतो, ९ व्होल्टवर चालणारं पेडल ते कसं झेलणार? पेडलच फाटायचं. वर दोन लांब केबल लावल्या की वरचा आवाज बसायचा. केबलचं मीटरमागं साधारण १०० पिकोफॅरड असतं आणि टोन स्टॅकला तेवढं ओझंही पेलत नाही. फोन केला तर म्हणाले, "पेडल बदलून बघा." दुसऱ्यांदा केला तर, "जुन्या डिझाइनचे अ‍ॅम्प असेच असतात." बिलावर मात्र 'कस्टम लूप' असं ठसठशीत.

कुरिअरवाल्यांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रातल्यांना वाटतं बेळगाव म्हणजे बेंगळूरच्या शेजारी, आणि बेंगळूरवाल्यांना वाटतं आपण महाराष्ट्रातच. हेड पाठवायचाच झाला तर व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळा आणि ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली ठेवून पॅक करा.

आता कामाचं. मास्टर नसेल आणि घालायचाही नसेल, तर माझं स्पष्ट मत: चॅसीला हात लावू नका. एको स्पीकरच्या नंतर घ्या. हेडच्या दुसऱ्या स्पीकर जॅकमधून एका छोट्या डबीत दोन रेझिस्टर, १० किलोओहम आणि ४७० ओहम, ओळीने. ४७० च्या दोन टोकांवरून सिग्नल घ्या. ५० वॅट ८ ओहमवर म्हणजे २० व्होल्ट, ते या डबीत ०.९ व्होल्टच्या आसपास उतरतात. १६ ओहमच्या कॅबिनेटवर २८ व्होल्ट होतात, तिथं साधारण सव्वा व्होल्ट. दोन्ही ठिकाणी बहुतेक पेडलं खूश. रेझिस्टर अर्ध्या वॅटचे पुरतात. डिलेचा मिक्स पूर्ण ओला (फक्त एको, मूळ आवाज नाही) ठेवा आणि तो दुसऱ्या छोट्या अ‍ॅम्पमधून सोडा. फाटलेला आवाज एका डब्यातून, त्याचा स्वच्छ एको दुसऱ्यातून. गिटारवादक एडी व्हॅन हेलननेही पुढं अशीच वाट धरली होती: प्लेक्सी डमी लोडवर (स्पीकरच्या जागी लावलेल्या ओझ्यावर), तिथून सिग्नल इफेक्ट्सला, मग वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पला. आपल्याला डमी लोडची गरज नाही, आपला स्पीकर लागलेलाच राहतो. तो कधीही काढू नका, लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

दोन अ‍ॅम्प जोडल्यावर हम (घुमणारा आवाज) येईल. मध्ये १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन कापणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा मेकॅनिक असो.

तरीही लूपच हवा असेल, तर मास्टरसकट करा आणि नीट करा. एक जादा १२एएक्स७ (छोटा, दोन भागांचा व्हॉल्व्ह): अर्धा भाग कॅथोड फॉलोअर (बफर) म्हणून सेंडला, त्याच्या आधी सिग्नल उतरवणारा पॉट, दुसरा अर्धा रिटर्नला, गेलेली पातळी परत चढवायला. रिटर्नच्या नंतरचा पॉट हाच तुमचा मास्टर. प्रेझेन्सचा (तीक्ष्णपणाच्या खुंटीचा) फीडबॅक फेज इन्व्हर्टरपासून पुढं असतो, तो या भानगडीत येत नाही. शील्डेड वायरचं शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, जॅक प्लास्टिकचे घ्या.

एक हिशेब मात्र आधी करा. दोन ईएल३४ चे हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ३ अ‍ॅम्पियर खातात, तीन १२एएक्स७ चे ०.९. चौथा घातला की एकूण ४.२. तुमचा ट्रान्सफॉर्मर कुणी हाताने वाइंड केलेला असेल आणि हीटरचं वाइंडिंग बरोब्बर ४ अ‍ॅम्पियरचं असेल, तर तो तापणार. आधी आणि नंतर मीटर लावून ६.३ व्होल्ट टिकतात का बघा. भोकं पाडायची असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्रिल मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे, मोठ्या शहराची गरज नाही. फक्त आतलं सगळं झाकून घ्या, लोखंडाचा कीस व्हॉल्व्हच्या बेसमध्ये शिरतो.

अजून एक, आपल्याकडच्या पावसाचं. खानापुरात तर विचारायलाच नको. रिटर्न जॅकच्या आतल्या स्विचचे पॉइंट काळे पडतात आणि अ‍ॅम्प अचानक गप्प होतो किंवा दबून वाजतो. लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी पॅच केबल घाला; आवाज आला तर दोष जॅकचाच.

हे सगळं माझ्या अ‍ॅम्पच्या अनुभवावरून, तुमच्या वायरिंगची हमी मी घेत नाही. आत ४०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. ते कसे उतरवायचे हे ज्याला इथं वाचून शिकावं लागेल त्याने चॅसी उघडू नये. माहीतगाराला शेजारी बसवा.

वाजवताना व्हॉल्यूम कितीवर असतो आणि कॅबिनेट किती ओहमचं आहे तेवढं कळवा. चारच्या खाली वाजवत असाल तर वरचं निम्मं तुम्हाला लागूच नाही. मग डिले इनपुटला ठेवून त्याचा मिक्स आणि रिपीट कमी करून बघा, फुकटात भागेल.