क्रोशाच्या सपाता लवकर झिजू नयेत म्हणून लोकर कोणती घ्यावी?

सपात फाटली की पहिला आरोप लोकरीवर. तुम्ही निदान विणायच्या आधी विचारताय. आमच्या घरात हा आरोप सपाता फाटल्यावर झाला आणि अजून मागे घेतलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सासूबाईंसाठी करायच्या आहेत, घरातच घालायच्या आहेत, तुम्ही नवशिक्या आहात आणि टिकल्या पाहिजेत, एवढं प्रश्नावरून कळलं. तर सपात टिकते ती घट्ट विणीवर. लोकरीचा नंबर त्यानंतर. उत्तम मेंढीची लोकर सैल विणलीत तर घट्ट विणलेल्या साध्या ॲक्रिलिकच्या आधी तिची चाळण होईल. गुंड्याच्या पट्टीवर ५ मिलिमीटरची सुई सुचवली असेल तर तळव्याला ४ ची घ्या, हात सैल असेल तर ३.५ ची. पट्टीवरची सुई कापड अंगावर छान पडावं या हिशेबाने सांगितलेली असते. तळव्याने कुठे पडायचंय? विणलेला तुकडा उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर उसवा आणि बारीक सुई घ्या. बोटं दुखतील, पण तळवा तसाच होतो.

आता लोकरीवरच्या आरोपाचं. आमच्या अण्णांचे पाय कायम गार. नुसते मोजे घालून फरशीवर चालले की घसरायचे आणि विकतच्या सपाता त्यांना टोचायच्या. एका थंडीत मी आणि ताईने ठरवलं की दोघींनी एकेक जोड करायचा. माझा एक कार्डिगन अर्धवट पडून होता, तो उसवला. ताईने लोकरीच्या लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवून वाळवल्या, कुरळेपणा गेल्यावर गुंडे केले आणि निम्मी निम्मी वाटणी झाली. म्हणजे लोकर एकच, रंग एकच, लॉटही (एकाच वेळी रंगवलेला माल) एकच. हे लक्षात ठेवा.

ताई दोन सुयांवर विणते आणि फार सुंदर विणते, यात वाद नाही. पण तिच्या मते क्रोशा म्हणजे टेबलक्लॉथ आणि रुमालांच्या कडा. मी सुई काढली तेव्हा "जाळीने कुणाचे पाय झाकतात का गं?" हे तिचं वाक्य होतं. तिने वरच्या बाजूला वेण्या घातल्या, टाचेला वळण देऊन अशा सपाता केल्या की बघत राहावं. माझ्या सरळसोट मुक्या खांबाच्या (हा क्रोशाचा बुटका, दाट टाका), बसक्या, चौकोनी तोंडाच्या. ताई त्यांना "डबे" म्हणाली. आजही डबेच म्हणते.

थंडी सरायच्या आत ताईच्या सपातेची टाच विरली. मग एक टाका तुटला आणि शिडीसारखा धावत वर गेला. तिने रफू केलं. पुढे अंगठ्याखाली तेच झालं. आणि मग निकाल लागला: "लोकर जुनी होती, उसवलेली होती, तिच्यात दमच नव्हता." मी माझे डबे आणून तिच्या सपातांशेजारी ठेवले. तीच जुनी, तीच उसवलेली लोकर, आणि एक टाका हललेला नाही. त्यावर ताई म्हणाली, "अण्णा तुझे डबे घालत होते कुठे!"

मी तळ उलटा करून दाखवला. काळा पडलेला, दाबून सपाट झालेला. न घातलेल्या सपातेचा तळ असा होत नाही. शेवटी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "रात्री ताईच्या, सकाळी तुझ्या." याचा अर्थ दोघींनी आपापल्या सोयीने लावला. ताई म्हणते, खरी थंडी रात्री, तेव्हा ऊब माझ्याच सपातांनी दिली. मी म्हणते, रात्री माणूस पांघरुणात असतो, घरभर फिरतो तो सकाळी.

हा निव्वळ बहिणींचा हट्ट नाही, विणीचं कारण आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते आणि प्रत्येक फास खालच्या फासात नुसता अडकवलेला असतो. म्हणून ते कापड छान ताणतं, आणि म्हणूनच एक टाका गेला की त्याच्या खालचेही रांगेने सुटत जातात. क्रोशात सुईवर एकच फास असतो. प्रत्येक टाका पुरा बंद करूनच आपण पुढे जातो. मधला दोरा तुटला तरी भोक तिथल्या तिथे थोपतं, निदान दुरुस्तीला वेळ मिळतो. शिवाय मुक्या खांबाचं कापड जाड होतं, क्रोशाला लोकर जास्त लागते ती त्यामुळेच. मोज्याला हा दोष, तळव्याला गुण.

आणि ते जाळीचं. क्रोशाची जाळी गाजली त्याला आयर्लंडचा मोठा हात आहे. १८४० च्या दशकात तिथे बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं चालवली आणि ती लेस जगभर गेली. पण बोस्नियात, स्वीडनमध्ये क्रोशाचाच दुसरा प्रकार पूर्वीपासून आहे. टाक्यातून काढलेला दोरा सुईवरच्या फासातूनही तसाच ओढून घ्यायचा, बाकी काही नाही. त्याचं इतकं दाट कापड होतं की टोप्या आणि हातमोजे करतात. हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिने विषय बदलला.

असो. तळवा. साखळी, म्हणजे जिच्याभोवती तळवा विणत जातो ती फासांची पहिली ओळ, पावलाएवढी घालू नका. लांबगोल तळवा टोकांनाही वाढत जातो, त्यामुळे साखळीची लांबी म्हणजे तळव्याची लांबी वजा रुंदी. २३ सेंटीमीटर लांब आणि ८ रुंद हवा असेल तर साखळी १५ ची. पुढचा अर्धा भाग खांबाने (मुक्या खांबाहून उंच टाका) आणि टाचेकडचा मुक्या खांबाने विणलात तर पुढे रुंद, मागे निमुळता असा पावलाचा आकार आपोआप येतो. तळवा पावलापेक्षा एक-दीड सेंटीमीटर तोकडाच ठेवा. पाऊल २४ असेल तर तळवा २३ किंवा २२.५. वीण वापरून सैलावते आणि ढगळ सपात पायातून निसटते. माप मोज्यावरून किंवा जुन्या चपलेवरून घेऊ नका. सासूबाईंना संध्याकाळी कागदावर उभं करा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं आखा आणि मोठं असेल ते धरा. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, बसलेल्या माणसाचं माप खोटं येतं.

दोन पदर एकत्र धरून विणा असा सल्ला सगळे देतात. नवशिक्यांनी ऐकू नये. सुई एकच पदर उचलते, दुसरा सुटतो आणि ते चार ओळींनंतर दिसतं. त्यापेक्षा एकेरी लोकरीचे दोन तळवे करा आणि एकावर एक ठेवून मुक्या खांबाने कडेने जोडा. वरचा भाग उचलताना पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घ्या, कापड तिथे काटकोनात वळतं. आधी चारही तळवे, मग दोन्ही वरचे भाग. एक सपात पूर्ण करून दुसरीला हात घातलात तर तोवर हात बदललेला असतो आणि जोड लहानमोठा होतो. फेऱ्या आणि टाके मोजा, नजरेवर विसंबू नका. दोऱ्याची टोकं तळात लपवू नका, गाठ तर मुळीच नको. पायाला खड्यासारखी टोचते.

लोकरीचं उत्तर राहिलंच. पहिल्या जोडाला मध्यम जाडीचं, फिक्या रंगाचं ॲक्रिलिक घ्या. एकेरी तळव्याच्या जोडाला १०० ग्रॅमच्या आसपास लागतं, दुहेरी तळव्याला ५० जादा धरा. ते आटत नाही, मशीनमध्ये धुता येतं, फक्त इस्त्री लावू नका, गरम इस्त्रीने ते कायमचं मेलेलं दिसतं. खरी ऊब मेंढीच्या लोकरीत, आणि तिच्यात २०-२५ टक्के नायलॉन असेल तर तळव्याला त्याहून बरं काही नाही. मात्र साधी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून नमदा होते. सुती दोऱ्याला लवचीकपणा नसतो, सपात एकदा ढिली झाली की परत येत नाही. आणि ती मखमली, गुबगुबीत लोकर पहिल्या जोडाला नकोच. टाके दिसत नाहीत, उसवायला गेलं की केस सुटतात. गडद काळ्या रंगालाही तोच नियम.

आता दोन गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. घोट्याकडची कड दोन सुयांवरच्या उलट-सुलट विणीची चांगली बसते, इतकी चांगली क्रोशाची बसत नाही. हे ताईचं म्हणणं नाही, माझंच आहे. दुसरं, गुळगुळीत फरशीवर कुठलीही लोकर घसरते, ॲक्रिलिक जास्तच, आणि वयस्कर माणसाला पडणं परवडत नाही. तळाला सिलिकॉनचे ठिपके द्या किंवा चामड्याचा तुकडा शिवा, पण तसाच जोड हातात देऊ नका. चामडं लावलंत तर मग मशीनमध्ये टाकता येणार नाही, हाताने धुवा.

दुहेरी तळव्यातला खालचा झिजला की जोडाची कड उसवा, तेवढाच नवा विणून लावा, वरची सपात तशीच राहते. त्यासाठी त्याच लॉटची लोकर लागते, म्हणून उरलेला गुंडा कुणाला देऊन टाकू नका.